साकी उनोबद्दल थोडं

काही जण म्हणतात की 'माहोऊ शोजो ओरे' ही जपानी अ‍ॅनिमे (कार्टून मालिका) म्हणजे फक्त बाप्याला फ्रॉक घातल्याचा विनोद. मला नाही पटत. आपल्याकडच्या कॉमेडी शोमध्ये पुरुषाला साडी नेसवली की जोक संपतो, इथे तिथून सुरू होतो.

२०१८ ची १२ भागांची सिरीज आहे. साकी उनो ही फारशी न चाललेल्या आयडॉल (पॉप गायिका) जोडीतली मुलगी, आई आधीची जादूई कन्या, म्हणजे जादूने रूप बदलून राक्षसांशी लढणारी मुलगी, आणि दारात येणारा मॅस्कॉट (अशा मुलींचा जादूई सोबती) गोंडस मांजर वगैरे नाही तर सरळ याकुझा, म्हणजे जपानी माफियातल्या गुंडासारखा दिसणारा बाप्या! मग मोहिरो या तिला आवडणाऱ्या मुलावरच्या प्रेमापोटी ती रूप बदलते आणि होते काय, तर पिळदार दंडांचा धिप्पाड गडी, अंगात तोच झालरींचा फ्रॉक. राक्षसही तसेच, शरीर पैलवानाचं आणि डोकं खारीसारखं गोड.

पण खरी मजा साकीच्या चेहऱ्यात आहे राव, ती हे सगळं सिरीयसली घेते, लाजते, मोहिरोसमोर गडबडते, आणि तिची मैत्रीण साकुयो तर या दणकट अवतारावरही तितकीच फिदा. 'सेलर मून' ही जादूई कन्यांची गाजलेली अ‍ॅनिमे बघून मोठे झालेल्यांना प्रत्येक पोझ ओळखीची वाटते, म्हणून तर जास्त हसू येतं. मधले दोनेक भाग रेंगाळतात, ते मान्य.