सिएम रीपची अनाथ मुलांची शाळा – कुणी जाऊन आलंय का?

नमस्कार मंडळी,

लेकीची बारावी संपली की चार आठवडे कंबोडियात, सिएम रीपला जायचं तिच्या मनात आहे. अनाथ मुलांची निवासी शाळा आहे. सकाळी इंग्रजी शिकवायचं, दुपारी मुलांशी खेळायचं, शनिवार-रविवार अंगकोर वाट. एजन्सीची फी चांगलीच घसघशीत आहे, पण पोरीला जग कळेल. संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाने वह्या, खेळणी आणि थोडी वर्गणी जमवली तर तिच्याबरोबर पाठवता येईल. कुणाला अनुभव असल्यास कळवावे.

अ. (पॉइंट कुक, मेलबर्न)

---

अ. ताई,

मी काही वर्षं कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये बालसंरक्षणाच्या कामात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लेकीच्या हेतूबद्दल शंका नाही.

कंबोडियातली ख्मेर रूज या कम्युनिस्टांची नरसंहारी राजवट १९७९ साली कोसळली. तेव्हा पोरकी झालेली मुलं आज पंचेचाळिशीच्या पुढे आहेत. तरीही २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथालयांची संख्या सुमारे पाऊणपट वाढली. त्याच काळात पर्यटकही वाढत होते. युनिसेफच्या २०११ च्या अभ्यासात आढळलं, की या अनाथालयांतल्या दर चारांपैकी जवळजवळ तीन मुलांची आई किंवा वडील हयात आहेत. मग मुलं येतात कुठून? खेड्यातून. कुणीतरी घरी येतं, शिक्षण फुकट, इंग्रजी शिकेल, पोटभर जेवेल म्हणतं. गरीब आई हो म्हणते. त्या क्षणी ती मुलाचं भलंच करत असते.

पुढचं मात्र बघवत नाही. काही ठिकाणी संध्याकाळी मुलांना अप्सरा नृत्याचे कपडे चढवून पर्यटकांपुढे नाचवतात आणि मग दानपेटी फिरते. मुलं गुटगुटीत दिसली तर पेटीत कमी पडतं, हे चालकांना पक्कं ठाऊक असतं. नवा पाहुणा आला की पोरं धावत येऊन बिलगतात. आपल्याला वाटतं, किती प्रेमळ! पण दर महिन्याला एक ताई येते, लळा लावते आणि जाते. मुलांना त्याची सवय झालेली असते. तिथल्या फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने ‘मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे’ अशी मोहीमच काढली होती.

एक साधी कसोटी सांगते. इथे व्हिक्टोरियात शाळेत मदतीला जायचं तर ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ लागतो, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची सरकारी तपासणी. तिथे अठरा वर्षांच्या मुलीला फी भरली की थेट वर्ग मिळतो. त्याच दारातून आणखी कोण कोण आत जात असेल? २०१७ साली आपल्याच ऑस्ट्रेलियन संसदेच्या आधुनिक गुलामगिरीवरच्या चौकशीच्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीवर वेगळं प्रकरण होतं.

स. (बॉक्स हिल)

---

स. ताई,

पटतंय, पण सरसकट नाही. माझे वडील साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात शिकले. आई-बाप दोन्ही होते, घरात दाणा नव्हता. बोर्डिंग नसतं तर शेरडं राखत बसले असते आणि मी हा मेल लिहीत नसतो. खेड्यातल्या पोराने शिकायला घर सोडलं तर त्यात वाईट काय?

वि. काका (डँडेनाँग)

---

काका,

वाईट काहीच नाही. पण कर्मवीर अण्णांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं तेव्हा कुणाही मुलाला पोरकं ठरवलं नव्हतं. सुटीत पोरं घरी जात, स्वयंपाक आणि कष्टाची कामं स्वतः करत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं ते पोरांच्या धान्यासाठी. पाहुण्यांनी येऊन मुलांना कुरवाळावं यावर त्या संस्थेचा संसार चालत नव्हता. सिएम रीपचं दुखणं नेमकं तिथे आहे: मुलं आई-बापांकडे परत गेली तर धंदा बसतो.

ताई, एजन्सीला तीन प्रश्न विचारा. किती मुलांचे पालक हयात आहेत? मुलं रात्री घरी जातात का? हाच वर्ग एखाद्या स्थानिक ख्मेर शिक्षिकेला पगार देऊन का चालवत नाही? उत्तरं सरळ आली तर पुढे बोलू. लेकीला जायचंच असेल तर मुलं संध्याकाळी घरी जातात अशी शाळा शोधा, आणि तिथेही तिने मुलांना नव्हे तर शिक्षकांना इंग्रजी बोलायचा सराव द्यावा.

स.

---

मंडळी,

एजन्सीचं उत्तर आलं. तिसऱ्या प्रश्नावर, ‘स्वयंसेवकांना शिकवण्याचा आनंद मिळावा म्हणून.’ दुसऱ्यावर, मुलं तिथेच राहतात. पहिल्यावर, ही माहिती गोपनीय आहे. शिवाय महिनाअखेरपर्यंत पैसे भरल्यास फीमध्ये दहा टक्के सूट.

लेक चिडलीय, थोडी माझ्यावर आणि बरीचशी त्यांच्यावर. वर्गणीचा विषय तूर्त कार्यक्रमपत्रिकेतून काढावा ही सचिवांना विनंती. स. ताई, शनिवारी चहाला याल का? तिला तुमच्याशी बोलायचंय.

अ.