गणेश चवथीला गोव्यात गाडी चालवणार असाल तर: लाल दिव्यावर डावीकडे वळू नका

नमस्कार मंडळी,

यंदा चवथीला अमेरिकेतली आपली पाच-सहा घरं गोव्यात येताहेत असं आपल्या मेलिंग लिस्टवर वाचलं, फार बरं वाटलं. बहुतेकजण घरची नाहीतर भावाची गाडी घेऊन फिरणार आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय. सिग्नल लाल असताना डावीकडे वळायचं नाही. थांबून, नीट बघून, रस्ता मोकळा दिसला तरी नाही. डावीकडचा हिरवा बाण लागला असेल किंवा लेफ्ट फ्री अशी पाटी असेल तरच.

मी बारा वर्षं न्यू जर्सीत गाडी चालवली. तिथे मनाईची पाटी नसेल तर लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, ते पायात इतकं भिनतं की फोंड्याला परत आल्यावर डोकं आपोआप ठरवतं, तिकडचं उजवं म्हणजे इकडचं डावं. (बाजू आपली पहिल्यापासून डावीच, पोर्तुगालने 1928 साली उजवी धरली तरी शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्यामुळे गोवा डावीकडेच राहिला.) पण बाजू उलटी केली म्हणून नियम काही बरोबर येत नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास पणजीत एका सिग्नलला थांबलो, उजवीकडून गाड्या येताहेत का बघत राहिलो, गॅप दिसली आणि वळलो. डावीकडून झेब्रावरून सायकल हाताने ढकलत पदेर, म्हणजे पाववाला, येत होता, तो मला दिसलाच नाही. ब्रेक लागला पण त्याच्या सायकलला बंपर लागलाच, टोपली कलंडली, निळं प्लास्टिक बाजूला झालं आणि पाव रस्त्यावर. माणसाला काही झालं नाही, देवाची कृपा. तो शिव्यासुद्धा देईना, एवढंच म्हणाला, "सायबा, तांबडो आसा न्हय?" पावाचे पैसे दिले, पण ते वाक्य अजून कानात आहे.

फोंड्याहून काका

---

काका, वाचून काटाच आला अंगावर. पण एक विचारू का, माझा भाऊ मडगावला असतो तो म्हणतो लेफ्ट फ्रीच असतो सगळीकडे, थांबलं की मागचे हॉर्न मारून जीव नको करतात. आणि इकडे न्यू जर्सीत एडिसनला तर आम्ही रोजच वळतो, एवढ्या मोठ्या देशात चालतं म्हणजे सेफच असणार ना ते?

ताई

---

ताई, मी न्यूयॉर्क शहरात क्वीन्सला राहतो म्हणून मध्ये बोलतो. तुमच्याकडे चालतं पण पूल ओलांडून न्यूयॉर्क शहरात आलात की उलटं आहे, इथे लाल दिव्यावर उजवीकडे वळायला मनाईच, पाटीने परवानगी दिली असेल तेवढ्याच ठिकाणी मुभा. जर्सीहून येणारे पाहुणे हमखास इथे चुकतात, मी स्वतः दोघांना गाडीत बसून थांबवलंय.

आणि सेफ म्हणून हा नियम देशभर आला असं नाहीये. कॅलिफोर्नियासारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत तो आधीपासून होता, पण 1973 मध्ये तेलाची टंचाई झाली, पंपांवर रांगा लागल्या, आणि 1975 च्या ऊर्जा कायद्यात केंद्राने राज्यांना सांगितलं की इंधन बचतीसाठी मदत हवी तर ही मुभा द्या. सिग्नलला उभं राहून पेट्रोल जळू नये हा हेतू. मॅसॅच्युसेट्स सगळ्यात शेवटी आलं, 1 जानेवारी 1980 पासून. पायी चालणाऱ्याचा विचार कुठे होता त्यात?

दादा

---

दादाने नेमकं सांगितलं. ताई, तुझ्या भावाला सांग की लेफ्ट फ्री हा नियम नाही, ती त्या-त्या जंक्शनपुरती सवलत आहे. पाटी नसेल, बाण नसेल तर लाल म्हणजे स्टॉप लाइनच्या मागे सगळेच थांबणार, डावीकडे जाणारासुद्धा. 2019 च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं कलम 184 खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, पहिल्यांदाच 1000 ते 5000 रुपये दंड, आणि कैदेचीही तरतूद आहे.

पण मला दंडापेक्षा मान कुठे वळते ते महत्त्वाचं वाटतं. डावीकडे वळताना आपण उजवीकडून येणारी गाडी शोधत असतो, आणि झेब्रावर माणूस येतो तो डावीकडून. शिवाय आपल्याकडे आपली गाडी आणि फुटपाथ यांच्या मधल्या फटीतून स्कूटर पुढे घुसते, अमेरिकेत ही सवयच नसते त्यामुळे तिथून आल्यावर डावा आरसा कोणी बघतच नाही. म्हणून बाण हिरवा असला तरी आधी डावा आरसा, मग झेब्रा, मग वळायचं. आणि जिथे डावीकडची लेन खरंच मोकळी ठेवलेली असते तिथे सरळ जाणाऱ्याने तिच्यात उभं राहू नये, तिथे हॉर्न मारणाऱ्याचं बरोबर असतं. बाकी ठिकाणी हॉर्न वाजू दे. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न असतो.

काका

---

काका, भावाला तुमची मेल वाचून दाखवली फोनवर. आज तो मुद्दाम बघून आला, त्याच्या रोजच्या वाटेवरच्या सिग्नलला पाटीही नाही आणि बाणही नाही. आठ वर्षं तो तिथून तसाच वळतोय. आईसुद्धा दर सोमवारी त्याच्याच मागे बसून देवळात जाते.

ताई