गावाकडच्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्क: चार स्क्रू की बिनस्क्रूचा ट्रे?

वणीचा_पेचकस
थेट मुद्द्यावर येतो. तालुक्याच्या दुकानात आता कॉम्प्युटरची जी कॅबिनेटं येतात, त्यातल्या बऱ्याच कॅबिनेटांत हार्ड डिस्कसाठी स्क्रू न लागणारा ट्रे नाहीतर बाजूला प्लास्टिकचा खटका असतो. माझं मत असं की, तबकडी फिरणारी साडेतीन इंची डिस्क असेल तर आपल्या भागात ती चार स्क्रूंनीच कसावी.

डिस्क १०१.६ मिमी रुंद, १४७ मिमी लांब, वजन साधारण ४०० ते ७०० ग्रॅम. ट्रेमध्ये हा सगळा भार चार खुंट्यांवर येतो. डिस्कच्या भोकाला आटे असतात आणि खुंटी गुळगुळीत, त्यामुळे थोडी ढिलाई राहतेच. टेबलावरून न हलणाऱ्या मशीनला ते चालून जाईल. पण आपल्याकडे सीपीयू बिघडला की चादरीत गुंडाळून मोटरसायकलवर मागच्याच्या मांडीवर ठेवतात आणि पांदण रस्त्याने, खड्ड्यांतून तालुक्याला नेतात. एका जोराच्या धक्क्यात खटका सुटला तर अर्धा किलोचा ठोकळा मदरबोर्डवर नाहीतर ग्राफिक्स कार्डवर आपटतो.

त्यात आपलं ऊन. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. एबीएस प्लास्टिक त्याने वितळत नाही, मान्य. पण वाकवून ताणात ठेवलेला खटका उन्हाळ्यामागून उन्हाळे गरम हवेत राहिला की हळूहळू त्याच आकाराला सरावतो आणि त्याची पकड जाते. जुना ट्रे आत सरकवून बघा, नव्यासारखा कट् आवाज येत नाही. स्क्रूचं असं होत नाही.

कापूसपट्टा_दारव्हा
दादा, चार स्क्रू तुम्ही म्हणता, पण लावते कोन? दुकानात कॅबिनेटची एकच बाजू उघडते. मदरबोर्डाच्या मागच्या अंगाचा पत्रा काढाचे कष्ट कोनी घेत नाही. एका बाजूनं दोन स्क्रू मारले अन् झालं. अशी डिस्क एका अंगावर लोंबकळत राहते. ट्रेमंधली डिस्क कमीत कमी चारी ठिकानी धरली तं राहते. म्हनून चार स्क्रूची अन् ट्रेची तुलना नोका करू, दोन स्क्रूची अन् ट्रेची करा.

अन् स्क्रू कोनता मारते तेही पाहा. साडेतीन इंचीले ६-३२ लागते, जाड आट्याचा, इंचाले ३२ आटे. एसएसडीले, म्हंजे बिनतबकडीच्या चिपवाल्या डिस्कले, एम३ लागते, बारीक, अर्ध्या मिमीवर एक आटा. डब्यात दोन्ही एकत्र पडून राहते. एम३ साडेतीन इंचीत घातला तं नुसता फिरते, धरत नाही. ६-३२ एसएसडीत दाबून फिरवला तं आटे मेले, ते भोक कायमचं गेलं. फॅनचा लांब स्क्रू हाती आला अन् जोर लावला तं डिस्कचं अंगच फाटते. खुंटीच्या ट्रेत ह्या चुका होतच नाही.

शाळेची_लॅब_आर्वी
माझंही मत ट्रेच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, ५४०० ची ९० वेळा. पत्र्याला घट्ट कसली की ही थरथर थेट पत्र्यात उतरते आणि स्वस्त कॅबिनेटचा पातळ पत्रा ती मोठी करून ऐकवतो. एकाच खोक्यात दोन डिस्क असल्या तर दोघींची गती तंतोतंत सारखी नसते, म्हणून घूंघूं आवाज सारखा वर-खाली होत राहतो. एका वर्गात दहा मशीन चालू असली की हा त्रास कळतो. चांगल्या ट्रेत खुंटीभोवती रबराचा बुश, म्हणजे छोटं कडं, असतो, कंपन तिथेच अडतं.

शिवाय लॅबमध्ये डिस्क बदलायची तर एका हाताने ट्रे ओढायचा, दोन्ही कडा जरा फाकवायच्या, डिस्क बाहेर. स्क्रू पडला, मदरबोर्डखाली गेला, चालू करताना शॉर्ट झाला, हा प्रकारच उरत नाही.

वणीचा_पेचकस
ताई, रबराचा बुश असलेला ट्रे आणि नुसता प्लास्टिकचा खटका या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडच्या स्वस्त कॅबिनेटात दुसरीच वस्तू येते. तिथे डिस्कचं कंपन अडत नाही, डिस्क स्वतःच खुळखुळते.

आवाजापेक्षा लिहिण्या-वाचण्यावर होणारा परिणाम मोठा आहे. तबकडीवर एका इंचात लाखांच्या घरात ट्रॅक, म्हणजे माहितीच्या गोल रेघा, असतात. लिहिणारं-वाचणारं हेड जरा सरकलं की डिस्क लिहिणं थांबवते आणि तीच जागा पुन्हा खाली येण्याची वाट बघते. ७२०० फेऱ्यांना एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे प्रत्येक चुकीला तेवढा वेळ वाया. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कच्या रॅकसमोर मोठ्याने ओरडून दाखवलं, तर प्रतिसादाचा वेळ वाढलेला आलेखावर लगेच दिसला. नुसत्या ओरडण्याने एवढं होत असेल तर खुळखुळत्या ट्रेत काय होत असेल?

शाळेची_लॅब_आर्वी
तो दाखला तुमच्याच विरुद्ध जातो, दादा. तिथे थरथर ट्रेमुळे आली नव्हती, बाहेरून आत पोचली. आपल्याकडे सेवा केंद्राला लागून पिठाची चक्की असते, खिडकीत कूलर घरघरत असतो. ती थरथर भिंतीतून, जमिनीतून टेबलात, टेबलातून पत्र्यात आणि स्क्रूतून सरळ डिस्कमध्ये जाते. मध्ये रबर असेल तर तिला काहीतरी अडसर आहे.

वजनकाटा_हिंगणघाट
रबराचं पूर्ण सांगायचं तर दुसरी बाजूही सांगा. डिस्कचं हेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झेपावतं तेव्हा डिस्कला उलट झटका बसतो. पक्क्या कसलेल्या डिस्कचा तो झटका कॅबिनेट पचवतं. फार मऊ रबरावर डिस्क स्वतःच्याच हालचालीने डुलते आणि हेडला जागेवर स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून रबर हवं तर घट्ट हवं. बोटाने दाबल्यावर जेमतेम दबेल इतकं. जिनिंगमधल्या कॅमेऱ्यांसाठी डिस्क दिवसरात्र लिहीत असते, तिथे मऊ बुशाचा ट्रे अजिबात घेऊ नका.

दुसरी अडचण कोणी बोललंच नाही: भोकांची जागा. जुन्या डिस्कला प्रत्येक बाजूला तीन भोकं असतात. टोकाच्या दोन भोकांत १०१.६ मिमी अंतर, मध्ये एक. मोठ्या क्षमतेच्या नव्या डिस्कांत मधलं भोक बऱ्याचदा नसतंच, आणि खालच्या अंगाची भोकंही ४४.४५ मिमीऐवजी ७६.२ मिमी अंतरावर गेली. ज्या ट्रेची एक खुंटी मधल्या भोकासाठी आहे, तिथे नवी डिस्क घातली की खुंटी सपाट अंगावर दाबली जाते, ट्रे फुगतो आणि रुळात अडकतो. मग लोक ती खुंटी ब्लेडने छाटतात आणि डिस्क तीन खुंट्यांवर राहते. कॅबिनेट घेण्याआधी ट्रे काढून खुंट्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. १०१.६ भरलं तर जुनी-नवी दोन्ही बसतात.

धारणीचा_वायरमन
दोन्ही बाजूंना एक विनंती, अर्थिंगचा मुद्दा यात आणू नका. 'प्लास्टिकच्या ट्रेमुळे डिस्कला करंट लागत नाही' असं गावोगाव सांगितलं जातं. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, त्यातल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे पत्र्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट अगदी थोडा असतो. पण डिस्कला ट्रेने वेगळं करून उपयोग नाही. साटाच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या केबलच्या, पॉवर कनेक्टरच्या १५ पिनांपैकी ५ ग्राउंडच्या आहेत आणि त्या एसएमपीएसच्या बॉडीला जोडलेल्या असतात. स्क्रू असो की प्लास्टिक, डिस्क त्याच दाबावर आहे. उपाय जमिनीत आहे: अर्थिंगचा खड्डा करा, उन्हाळ्यात त्यात पाणी टाका.

कापूसपट्टा_दारव्हा
उन्हाचं बोलले तं पुरं बोला. डिस्कले ६० डिग्रीपर्यंतची मर्यादा कंपनी देते. खोलीत ४४ असलं तं बंद कॅबिनेटात चालू डिस्क ५५ च्या पुढं सहज जाते. आता स्क्रूवाले म्हनते का पत्र्याले टेकली तं डिस्क थंड राहते. थोडीशी राहते, नाही म्हनत नाही. पण खरं काम हवेचं हाये. समोर १२० मिमीचा फॅन, डिस्कच्या वर-खाली एकेक खण रिकामा, अन् समोरची जाळी साफ. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या गावात जाळीवर रुईचा थर बसते, मंग स्क्रू मारा का ट्रे लावा, डिस्क भाजतेच. ब्रशनं जाळी झाडाची, ओलं फडकं नाही.

वणीचा_पेचकस
हवेचं पटलं. पण फॅन नसलेली कॅबिनेटंच जास्त आहेत, तिथे पत्र्यातून जाणारी थोडी उष्णताही मोलाची आहे.

फक्त कूलरच्या झोताला समोर सीपीयू ठेवू नका. ओली हवा आणि धूळ एकत्र आत ओढली जाते आणि स्क्रू गंजतात. गंजलेल्या स्क्रूची चौफुली फिरवताना झिजली की तो निघत नाही, हा ट्रेवाल्यांचा आक्षेप खरा आहे. त्यावर उत्तर म्हणजे दोन नंबरचं चौफुली बिट, नीट बसणारं. एक नंबरच्या बारीक पेचकसाने ६-३२ खोलायला गेलं की डोकं खराब होतंच. कसताना चारही स्क्रू आधी सैल लावा, मग कोपऱ्यासमोरचा कोपरा या क्रमाने आवळा. दोन बोटांनी पेचकस धरून जेवढा फिरतो तेवढाच, मनगटाचा जोर नको.

स्टुडिओ_पुसद
लग्नाचे व्हिडिओ साठवणाऱ्यांसाठी मधला मार्ग: स्क्रूच मारायचे, पण सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर घालून. ट्यूब साधारण १ मिमी जाड असते. वायसर पत्रा आणि डिस्कच्या मध्ये एक आणि स्क्रूच्या डोक्याखाली एक. हिशेब असा: पाव इंची स्क्रू म्हणजे ६.३५ मिमी, त्यातून पत्र्याचे ०.७ आणि दोन वायसरचे २ गेले की डिस्कमध्ये साडेतीन मिमीच्या आसपास शिरतो. तेवढं पुरतं. एकच वायसर घातला तर तीन सूत इंची, म्हणजे पावणेपाच मिमीचा बुटका स्क्रू घ्या.

वजनकाटा_हिंगणघाट
दुरुस्ती: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे तीन सूत साडेनऊ मिमी होतील. पावणेपाच मिमी म्हणजे दीड सूत. दुकानात तीन-सोळांश इंची ६-३२ म्हणून मागा. तीन सूत मागितलं तर दुप्पट लांबीचा मिळेल आणि तो आत घुसवला तर डिस्कची वाट लागेल.

ट्यूबचं म्हणाल तर दोन उन्हाळ्यांनी रबर कडक होतं किंवा दबतं, स्क्रू सैल पडतो. दरवर्षी पावसाळ्याआधी आवळणार असाल तरच करा.

शाळेची_लॅब_आर्वी
एसएसडीवर तरी एकमत व्हावं. त्यात फिरणारं काही नाही, वजन फार तर ५०-६० ग्रॅम. खटका, ट्रे, एम३ चे दोन स्क्रू, काहीही चालतं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची तर एसएसडी कॅबिनेटच्या तळाला आडवी चिकटवा, उभ्या पत्र्यावर नको. उन्हाने पट्टीचा गोंद मऊ पडतो, एसएसडी घसरते आणि साटाच्या केबलला लटकते.

वणीचा_पेचकस
एसएसडीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. फिरत्या डिस्कबद्दल मत कायम, आणि त्याला केबलचं कारणही जोडतो. ढिल्या ट्रेत डिस्क मागे-पुढे सरकते, प्रत्येक वेळी साटाचा कनेक्टर ओढला जातो. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सी७ नावाची ओळ बघा, ती केबलवरच्या चुका मोजते. तो आकडा आठवड्याला वाढत असेल आणि ०५ व सी५ या खराब जागा मोजणाऱ्या ओळी शून्य असतील, तर डिस्क चांगली आहे, जोडणी ढिली आहे. अशा चांगल्या डिस्क 'खराब' म्हणून बदलल्या जातात आणि गिऱ्हाइकाचे पैसे जातात.

कापूसपट्टा_दारव्हा
सी७ वाढली तं पयले केबल बदला, खटक्याची साटा केबल घ्या. स्क्रू मारूनही बिनखटक्याची केबल ढिली पडते. अन् नेताना डिस्क काढून न्या असं कोनी सांगन, तं तेही दरवेळी बरं नाही. साटाचा आतला कनेक्टर ५० वेळा लावा-काढाच्या हिशेबानंच बनवला राहते.

त्यापेक्षा सीपीयू गाडीवर चढवाच्या आधी ट्रे अन् खण मिळून दोन केबल टाय आवळा, एक समोरून, एक मागून. डिस्कच्या वरच्या झाकनावर हवेचं बारीक भोक राहते, त्यावरून टाय जाऊ देऊ नका. सीपीयू झोपवून न्या, मदरबोर्ड खाली राहीन असा, खाली चादरीची घडी. दुकानात पोचल्यावर टाय कापून टाका, नाहीतं मेकॅनिक ट्रे ओढाले जाते अन् खुंटी तोडते.