मदत हवी आहे: लेपर्ड गेको आणि बिअर्डेड ड्रॅगन एकाच टाकीत

नमस्कार मंडळी,

मावसभावाने परगावी जाताना त्याचे दोन प्राणी माझ्या गळ्यात घातले. लेपर्ड गेको (पालीची एक जात; मादी, पूर्ण वाढलेली) आणि बिअर्डेड ड्रॅगन (सरड्याची एक जात; नर). दोघं पहिल्यापासून एकाच चार फुटी काचेच्या टाकीत. "अगं, एकमेकांच्या अंगावर झोपतात, गट्टी आहे त्यांची," असं तो म्हणतो. मला ही गट्टी पटत नाहीये.

दिव्याखालचा गरम दगड दिवसभर ड्रॅगनच्या ताब्यात असतो. गेको थंड बाजूला पाण्याच्या भांड्यामागे अंग चोरून बसते. संध्याकाळी दिवा बंद झाल्यावर ती बाहेर येते, तोवर साहेबांनी रातकिडे फस्त केलेले असतात. तिच्या शेपटीत चरबी साठते, म्हणजे ती साधारण मानेइतकी जाड हवी. इथे मणके हाताला लागतायत. जुनी कात पायाच्या बोटांना तशीच अडकून आहे. ड्रॅगन ठणठणीत आहे. ती दिसली की मान खालीवर झटकतो, मधूनच गळा काळा करतो.

वेगळं करायचं हे नक्की. पण तोवर मध्ये पार्टिशन टाकलं तर चालेल का? आणि शेपटी बारीक होणं ही नुसती उपासमार की आजार? घरचे म्हणतात, खायला वेगळं घाल की झालं. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, पार्टिशनच्या भानगडीत पडू नका. ड्रॅगनला दगडावर ४० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि दुसऱ्या टोकाला २५. गेकोला उबदार बाजूला ३२ पुरे. टाकी अर्धी केलीत की दोघांनाही गरम-थंड असा उतार मिळत नाही. जाळी लावलीत तर तो तिला दिसत राहणार, म्हणजे ताण तसाच.

अंगावर झोपणं हे प्रेम नव्हे हो! उबेची जागा बळकावणं आहे ते. मान झटकणं, गळा काळा करणं ही तर उघड दादागिरी. ड्रॅगन तोंडात मावेल ते खातो, आणि चावला तर गेको शेपटी टाकून देईल. आधीच जेमतेम चरबी उरलीय.

आजच तिला झाकणाच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात हलवा. डब्याला हवेची भोकं पाडा, एका बाजूखाली थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट, तळाला टिश्यू पेपर, लपायला दोन जागा. त्यातल्या एकीत ओलसर मॉस ठेवा, कात तिथेच सुटेल. बोटांवरची ओढून काढू नका, कोमट पाण्यात पाय भिजवा. कात आवळत गेली तर बोट गळून पडतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण आजाराचं हलक्यात घेऊ नका. लेपर्ड गेकोमध्ये शेपटी वाळत जाणं हे क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचंही लक्षण असतं. अर्धवट पचलेले किडे ओकते का, विष्ठा पातळ आहे का, बघा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे ताजी विष्ठा द्या आणि पीसीआर करायला सांगा. एकदा निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही, कारण हा परजीवी रोजच विष्ठेतून बाहेर पडतो असं नसतं. ब्लीचनेही तो मरत नाही, तेव्हा टाकीतली लाकडं सरळ टाकून द्या.

ड्रॅगनचीही तपासणी करा. वरून धडधाकट दिसणारे ड्रॅगन ॲडिनोव्हायरस बाळगून असू शकतात. दोघांचे चिमटे, भांडी वेगळी. आधी ड्रॅगनचं आवरा, गेकोचं शेवटी, मग हात साबणाने धुवा.

प्रतिसाद ३

प्राणिसंग्रहालयात ठेवतात की वेगवेगळ्या जाती एकत्र?

प्रतिसाद २ (पुन्हा)

ठेवतात. पण तिथे खोलीएवढी जागा असते, जाती पारखून निवडतात आणि डॉक्टर दाराशी असतो. इथे एक रखरखीत भागातली निशाचर पाल आणि एक दिवसा ऊन खाणारा ऑस्ट्रेलियन सरडा, चार फुटांत.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. तिला डब्यात हलवलंय. वजन ३८ ग्रॅम भरलं. संध्याकाळी चिमट्याने दिलेले रातकिडे खाल्ले, ओकली नाही. विष्ठा मिळाली की तपासायला देते. आता ड्रॅगनचं: त्याचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा छोटा, वेटोळ्याचा आहे आणि टाकीवरच्या काचेच्या झाकणावर ठेवलाय. चालेल?

प्रतिसाद १

अजिबात नाही. साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ जातच नाही. टी५ प्रकारची लांब, बारीक यूव्हीबी ट्यूब घ्या, टाकीच्या निम्म्याहून लांब, आणि झाकण जाळीचं करा. ट्यूब वर्षभराने बदला, उजेड दिसत असला तरी. गेकोचं वजन आठवड्याला एकदा, त्याच वेळी करून इथे लिहीत राहा.