मोबदला मिळू लागला आणि गोडी आटली : मदत हवी आहे

नमस्कार. निवृत्तीनंतर मी मोडी लिपी शिकलो, ती केवळ घरच्या ट्रंकेत सापडलेल्या आजोबांच्या पत्रांसाठी. आधी पानभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली शब्दांत जागा न सोडता, शक्यतो हात न उचलता लिहिलेली ती अक्षरे लागू लागली, की रात्रीचे अकरा कधी वाजले ते कळत नसे. एकदा ‘गाईस वासरू झाले’ एवढ्या तीन शब्दांसाठी मी दोन दिवस भिंग घेऊन बसलो होतो.

गेल्या वर्षापासून ओळखीचे लोक जमिनीचे जुने कागद घेऊन येऊ लागले आणि मी पानामागे दोनशे रुपये घेऊ लागलो. कष्टाचे पैसे घेण्यात गैर काही नाही, असे मला मनापासून वाटते. पण तेव्हापासून आजोबांची ट्रंक मी उघडलेली नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळले होते. माझेही तसेच झाले असावे.

आपल्यापैकी कोणी गायन, चित्रकला, विणकाम यांसारखा छंद उत्पन्नाचा केला असेल आणि हरवलेली गोडी परत मिळवली असेल, तर नेमके काय केले, हे कृपया सविस्तर सांगावे. बाहेरचे काम काही महिने पूर्ण थांबवावे, की दोन्हींच्या वेळा आणि जागा वेगळ्या ठेवाव्यात? बावीस पत्रे अजून वाचायची राहिली आहेत.