मदत हवी आहे: डॉक रिव्हर्सवरची टीका रास्त आहे का?

एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) नियमित बघणाऱ्यांनो, जरा मदत करा. आमच्या ग्रुपमध्ये कोच डॉक रिव्हर्सवरून कायम जुंपते. सात सामन्यांच्या मालिकेत 3-1 आघाडी घेऊनही त्याचे संघ तीनदा हरले: 2003, 2015 आणि 2020.

2003 सोडून देऊ. त्याच्या ऑर्लँडोला आठवं मानांकन होतं, समोर अव्वल डेट्रॉइट. पण 2015? सहावा सामना, घरचं मैदान, त्याचा संघ क्लिपर्स 19 गुणांनी पुढे. चौथ्या क्वार्टरमध्ये ह्यूस्टनचा स्टार हार्डन चक्क बाकावर, आणि त्यांच्याच जोश स्मिथ, कोरी ब्रुअरने धुलाई केली! तेव्हा कोचने नेमकं काय करायला हवं होतं?

2020 मध्ये डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात क्लिपर्सचे स्टार लेनर्ड आणि जॉर्ज यांचे शेवटच्या क्वार्टरमधले गुण मिळून शून्य. नेमच लागत नसेल तर कोच काय करणार? मित्र ऐकत नाही. त्याच्या मते डॉक कोच असतानाचं 2008 चं बोस्टनचं विजेतेपदसुद्धा गार्नेट, पिअर्स आणि अ‍ॅलन या खेळाडूंच्या जिवावर. म्हणजे जिंकले तर खेळाडू, हरले तर कोच! हा कुठला न्याय?

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. 2020 मध्ये डेन्व्हरच्या योकिचसमोर उतरवायला क्लिपर्सकडे झुबाट्स असताना हॅरेलला एवढा वेळ का खेळवलं? ज्यांनी ती मालिका पूर्ण पाहिलीय, त्यांनी सांगा.