चार ठिकाणी काम, कागदपत्रं मात्र एकाच जागी: हे जमण्यासारखं आहे का?

दप्तरदार

आमचं काम चार ठिकाणी चालतं: मुख्य ऑफिस, दोन कारखाने आणि एक गोदाम. प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा. एकाची फाइल दुसऱ्याला हवी असली की मेलवर अटॅचमेंट जाते. आता सगळ्यांसाठी मिळून एक व्यवस्था आणायचं घाटतंय, आणि बैठकांमध्ये फाइली साठवायला शेअरपॉइंट घ्यायचं, गूगल ड्राइव्ह घ्यायचं की नेक्स्टक्लाउड आपल्याच सर्व्हरवर बसवायचं, याच्यापुढे गाडी सरकत नाही. माझ्या मते हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी हे ठरवा की प्रत्येक कागदाची मूळ फाइल एकच असेल, तिची जागा ठरलेली असेल आणि तिला कोणीतरी एक मालक असेल. बाकीच्यांनी लिंक वापरायची. अटॅचमेंट बंद, आपापल्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रती बंद.

एवढा आग्रह का, ते सांगतो. एका मशीनजवळ प्लास्टिकच्या पाकिटात रिव्हिजन 'बी'चं ड्रॉइंग लटकत होतं. डिझाइन विभागाने 'सी' कधीच काढलं होतं. ऑपरेटरला कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणून त्याने भोकाचा जुना व्यास पेनाने खोडून नवा लिहिला होता, आणि तो बरोबर होता. पण 'सी'मध्ये टॉलरन्सही, म्हणजे मापात चालणारी कमी-जास्तही, बदलला होता. तो त्याला कुणीच सांगितला नाही. अख्खा लॉट परत करावा लागला. त्या माणसाचं काय चुकलं? त्याच्यापर्यंत योग्य कागद पोहोचवणं हे आपलं काम होतं.

प्लांट_दोन

साफ असहमत. लिंक चालते ती नेट असेपर्यंत. आमच्याकडे १० एमबीपीएसची लाइन आहे. एक जीबीची फाइल यायला, लाइनवर दुसरं कुणीही नसलं तरी, १३ मिनिटांच्या वर लागतात. आणि दुसरं कुणी नाही असं कधी होतच नाही. त्यातून कॅडची (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगची) असेंब्ली, म्हणजे सुटे भाग जोडून झालेलं पूर्ण ड्रॉइंग, म्हणजे शेकडो छोट्या फाइली. त्या लांबच्या सर्व्हरवरून उघडताना प्रत्येक फाइलसाठी पुन्हा पुन्हा हेलपाटे होतात, त्यामुळे लाइनचा वेग वाढवूनही फारसा फरक पडत नाही. पाळी सुरू झाल्यावर स्क्रीनवर फिरणारं चक्र बघत बसायला आमच्याकडे वेळ नसतो.

सर्व्हर आहेत तिथेच राहू द्या, विंडोजचं डीएफएस रेप्लिकेशन लावा, म्हणजे एका सर्व्हरवरचा बदल बाकीच्यांवर आपोआप उतरेल. चारही ठिकाणी सारखा डेटा राहील आणि नेट गेलं तरी काम अडणार नाही.

सर्व्हरखोली

प्लांट_दोन, तुमची अडचण शंभर टक्के खरी आहे, पण हा उपाय धोक्याचा आहे. डीएफएस रेप्लिकेशन फाइलचं लॉक, म्हणजे 'ही फाइल कुणीतरी उघडली आहे' ही अडवणूक, दुसऱ्या सर्व्हरपर्यंत नेत नाही. म्हणजे एकच शीट तुमच्याकडे आणि मुख्य ऑफिसमध्ये एकाच वेळी उघडून दोघांनाही बदलता येते. ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याची फाइल राहते. दुसऱ्याची एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडते आणि त्याला साधा संदेशही येत नाही. त्याच्या दिवसभराच्या नोंदी गेल्या, हे त्याला कधीतरी महिनाअखेरीस कळतं.

रेप्लिकेशन चांगलं आहे, पण एकाच ठिकाणी लिहायचं आणि बाकीकडे फक्त वाचायचं असेल तर. कॅडचा विषय मात्र यातून पूर्ण वेगळा काढा. त्याला चेक-आउट, चेक-इन (एकाने फाइल बदलायला घेतली की परत करेपर्यंत दुसऱ्याला बदलता येत नाही) असलेली पीडीएम, म्हणजे ड्रॉइंग सांभाळणारी, प्रणालीच हवी, आणि प्रत्येक कारखान्यात तिचा कॅश सर्व्हर, म्हणजे फाइलींची प्रत जवळ ठेवणारा सर्व्हर. कॅडच्या फाइली आणि रजेचे अर्ज एकाच कपाटात ठेवायचा हट्ट धरला की दोन्हींचे हाल होतात.

गुणवत्ता_विभाग

दप्तरदारांना +१, पण एक भर घालते. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्तेच्या मानकातलं कलम ७.५.३ फक्त आवृत्तीवर नियंत्रण ठेवा एवढंच म्हणत नाही. कागद जिथे आणि जेव्हा लागेल तिथे वापरण्याजोगा मिळाला पाहिजे, असंही ते म्हणतं. त्यामुळे नेट गेल्यावर काम कसं करायचं ते सांगणारं सूचनापत्र उघडत नसेल तर प्लांट_दोनची तक्रार ऑडिटमध्येही टिकेल.

छापील प्रतींबद्दल कुणीच बोललं नाही. खरा घोटाळा तिथे आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी रिव्हिजन आणि छापल्याची तारीख आपोआप यायला हवी. आणि नवी रिव्हिजन निघाली की जुना कागद कोणी काढून आणायचा, हे नेमून दिलेलं हवं. कुठलंही सॉफ्टवेअर मशीनवरचा कागद उतरवायला येत नाही.

बॅकअप_आधी

एकच मुद्दा. सिंक, म्हणजे सगळीकडच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणं, हे बॅकअप नव्हे. एकाने फोल्डर उडवलं की चारही ठिकाणचं उडतं. शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये काढून टाकलेली फाइल ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये असते, पुढे नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी: हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. आणि अधूनमधून एखादी फाइल खरोखर परत आणून बघा.

प्लांट_दोन

लॉकचा मुद्दा मान्य. पण मालकीचं काय? 'एक मालक' म्हटलं की तो मुख्य ऑफिसात बसणार, हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे. आमच्या भट्टीच्या सूचनापत्रात एक ओळ बदलायची तर तीन सह्या, आणि साहेब रजेवर असले तर सगळंच ठप्प. मग माणसं पेनाने खोडतात ती उगाच नाही. तुमच्या त्या ऑपरेटरनेही तेच केलं.

दप्तरदार

हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. माझं उत्तर असं: जिथे काम होतं तिथेच मालक. भट्टीच्या सूचनापत्राचा मालक तुमच्या कारखान्यातला, खरेदीच्या अटींचा मुख्य ऑफिसातला, माल उतरवण्याच्या पद्धतीचा गोदामातला. मालकी पदाकडे असेल, व्यक्तीकडे नाही, आणि प्रत्येक पदाला एक पर्यायी पद जोडलेलं असेल. परवानग्याही गटांना द्यायच्या, नावानिशी नाही. नाहीतर बदली होऊन गेलेल्यांच्या हातात किल्ल्या राहतात आणि नवीन आलेला आठवडाभर 'मला दिसत नाही' म्हणत फिरतो.

जुन्या फाइली सरसकट उचलून आणायलाही माझा विरोध आहे. फोल्डरात फोल्डर करत गेलेल्या नावांची लांबी कितीतरी ठिकाणी विंडोजच्या २६० अक्षरांच्या मर्यादेला टेकली आहे. चालू वापरातलं तेवढं आणा, बाकीचं फक्त वाचण्यापुरतं आहे तिथेच ठेवा.

सर्व्हरखोली

सुरुवात फक्त सूचनापत्रांपासून करता येईल. मूळ फाइल मध्यवर्ती, आणि प्रत्येक कारखान्यात फक्त वाचता येणारी पीडीएफ प्रत, दर तासाला ताजी होणारी. लाइन गेली तरी निदान शेवटच्या तासापर्यंतचं हाताशी राहील. प्रतीवर ती कितीची आहे ती वेळ ठळक दिसली पाहिजे.

प्लांट_दोन

मालक आमच्याकडे आणि प्रत आमच्याकडे, एवढं लेखी द्या, मी माझ्या लोकांना समजावतो. पण जुना सर्व्हर बंद करायच्या आधी आमच्याकडे या, नेटची केबल काढा आणि एक अख्खी पाळी चालवून दाखवा. रात्रपाळी घ्या, तेव्हा फोन उचलायला मुख्य ऑफिसात कुणी नसतं.